चिमूटभर धूळ

दवाखान्यात डॉक्टर तासभर गायब आणि कुणाला त्याची लाज नाही. माझ्या शेजारी जन्मभर झाडू मारलेली एक आई फोन स्पीकरवर टाकून परदेशातल्या लेकीशी बोलत होती.

"मी धूळ झाडली की झाडूवाली, तू धूळ बघितलीस की शास्त्रज्ञ होय गं?"

"आई, धूमकेतूची धूळ आहे ती!"

"मग काय सापडलं तिच्यात?"

"धूमकेतू सूर्यमालेच्या पार बर्फाळ टोकाला घडला, पण आत सूर्याजवळ भाजलेले कण निघाले. ग्रह घडताना सगळं ढवळलं गेलं होतं."

"म्हणजे चुलीपाशी जन्मले आणि गारठ्यात जाऊन बसले. तुझ्यासारखेच."

"आई!"

"मग आपणहून परत आले का?"

"छे, यान जाऊन घेऊन आलं. सात वर्षं लागली."

"तुला जाऊन पाच झाली. काढ माझं तिकीट, यान निघालं."