दगड नसलेली एकेचाळीस

क्लॅरी : किटली राहू दे नोरीन, बस आधी. एक गोष्ट सांगतो. अर्ध्यापर्यंत हसशील, मग मला हाकलून देशील.

नोरीन : तुझ्या गोष्टी म्हणजे मेंढ्या, नाहीतर बिअर.

क्लॅरी : कॉम्प्युटरची आहे. पाठ गेली, लोकर कातरणं सुटलं, तेव्हा घरी बसून डेटाबेस शिकलो ना.

नोरीन : गावभर सांगत फिरलास की. मी इतक्या वर्षांनी ॲडलेडहून परत आले तर पहिली बातमी तीच!

क्लॅरी : तेच नडलं. गावच्या दफनभूमीची कार्डं मी कॉम्प्युटरमध्ये घातली. कोण कुठल्या रांगेत, कितव्या जागी. आणि कार्डं जाळली. म्हटलं, आता कशाला हवीत?

नोरीन : हौस रे तुझी.

क्लॅरी : मग म्हाताऱ्या डडलीची जागा चुकलेली दिसली. हुकूम लिहिला, रांग चार, जागा नऊ कर. कुणाची, ते लिहायचंच राहिलं. बटण दाबलं. पडद्यावर आलं, सहाशे बारा नोंदी बदलल्या.

नोरीन : म्हणजे?

क्लॅरी : अख्खं गाव डडलीच्या खड्ड्यात.

नोरीन : (हसत) बायकोसुद्धा? जिवंतपणी एका खोलीत बसत नव्हते दोघं!

क्लॅरी : शिकलेली माणसं आधी नक्कल काढून ठेवतात. तो धडा मी कंटाळून सोडलेला. तीन आठवडे थडग्यांचे दगड वाचत हिंडलो, परत भरलं सगळं. पण ज्यांच्यावर दगडच नाही, अशी एकेचाळीस राहिली.

नोरीन : क्लॅरी. माझ्या लेकीवर, रोझलिनवर दगड नाहीये.

क्लॅरी : हो.

नोरीन : तिचा लाकडी क्रूस वाळवीनं खाल्ला. पण जागा तू दाखवलीस मला. इस्टरला. कागद बघून.

क्लॅरी : कागद कोरा होता. तू फुलं घेऊन उभी. कागद वाचल्यासारखं केलं. दाखवलं बोट.

नोरीन : चार महिने दर रविवारी मी तिथं गुडघे टेकते. कोण आहे तिथं?

क्लॅरी : कुणी नाही. मोकळी जागा आहे.

नोरीन : बोलते रे मी तिच्याशी.

क्लॅरी : माहितेय. कुंपणाशी गाडी लावून बघत बसतो. उतरायची लाज वाटते.

नोरीन : मग आज कसा उतरलास?

क्लॅरी : तू तिचा दगड करायला टाकलास, असं कळलं. तो भलत्या जागी बसला असता.

नोरीन : निघ इथून.

क्लॅरी : निघतो. फक्त एवढं कर. तिला ठेवलं त्या दिवशी तू कुठं उभी होतीस, ऊन कुठून येत होतं, आठवेल तेवढं सांग मला.