बंगल्याच्या फाटकाला कडुलिंब

लिहून घ्या, मी काशीदकडच्या कोळीवाड्यातली, हिराबाई. आईच्या टोपलीशेजारी वाढले, चौथीत शाळा सुटली, लगीन झालं, नवरा होडीवर, तो गेला तशी बंगल्यांवर स्वयंपाकाला लागले. मुंबईची माणसं समुद्र बघायला बंगले बांधतात आणि मासळी आमच्या हातची खातात, एवढाच त्यांचा-आमचा संबंध, असं वाटायचं मला.

काय सांगू तुम्हाला, आमच्यात गोवराचं घर लांबनं ओळखू येतं. दाराला कडुलिंबाचा डहाळा, फोडणी बंद, तळण बंद, मासळी तर उंबरठ्याच्या आत येत न्हाय. देवी आलीय म्हणायची सासू. काय म्हणायचं ते म्हणा, पण डहाळा बघून शेजारीण आपलं पोर आवरून घ्यायची. तुम्ही शिकलेली माणसं हसता, हसा. लस आम्हीपण टोचून घेतो, आशाताई आली की पोर पुढं करतो, म्हणून काय डहाळा सोडलेला न्हाय.

तर माझी नात मनू. पाचव्या वर्षी तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. रेवसवरनं लाँच, भाऊचा धक्का, तिथनं हॉस्पिटल, पोर मांडीवर घेऊन किती फेऱ्या केल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिराबाई, लहानपणी टोचलेल्याचं बळ ह्या औषधांनी जातं, आणि औषधं चालू आहेत तोवर गोवराची लस परत देता येत नाही, वर्गातली बाकीची पोरं टोचलेली असली की तीच हिची भिंत. ते मी मनात धरून ठेवलं.

शाळेनं सगळ्यांकडं लसीचं कार्ड मागितलं. माझ्या भाच्याच्या पोराचं एक टोचणं राहिलेलं, त्याला फाटकातनंच परत धाडला, आधी टोचून या म्हणाले. बरोबर केलं. मनूला डॉक्टरांच्या सांगण्यावरनं सूट. आणि मुंबई सोडून इथंच राहायला आलेल्या, मी जिथं रांधायची त्या मॅडमच्या पोरालापण सूट, कशासाठी, तर आम्ही लस मानत नाही! मी मुख्याध्यापकांना विचारलं, सर, ह्याला काय झालंय? म्हणाले, मावशी, त्यांचे विचार वेगळे आहेत, आणि तुमच्या नातीलाही दिलीच की सूट. दिलीत, व्हय. माझीला घेता येत न्हाय, त्याला घ्यायची न्हाय, आणि तुमच्या लेखी दोघं सारखीच.

मग एका सकाळी त्या पोराच्या तोंडावर पुरळ, डोळे लाल, नाक गळतंय. आदल्या दिवसापर्यंत मनूच्याच बाकावर बसलेला. मी म्हटलं, मॅडम, गोवर तर न्हाय ना? अहो मावशी, घामोळं आहे, तुम्ही सुरमई तळा. आणि मला पटलं! गोवराच्या घरात सुरमई तळायला सांगेल कोण? मी तळली. त्यांनी शाळेला कळवलं, आम्ही मुंबईला आलोय.

पोरगा बरा झाला तेव्हा फोनवर हसत बोलल्या, गोवर होऊन गेला एकदाचा, आता नॅचरल ताकद आली. मी कणीक मळत होते. घरी मनू तापानं फणफणलेली.

गोवरानं फुफ्फुसं धरली पोरीची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लगेच कळलं असतं तर एक औषध होतं, शिरेतनं दिलं असतं. एक शब्द हवा होता हो. न्हायतर एक डहाळा.

मनू ऑक्सिजनवरनं उतरली तशी मी गावात आले, कडुलिंबाची फांदी तोडली आणि त्यांच्या फाटकाला सुतळीनं घट्ट बांधली. वॉचमन म्हणाला, मावशी, हे काय? म्हटलं, कळूदे गावाला. मॅडमचा फोन आला, उद्यापासून येऊ नका. म्हटलं, मी आजच आले न्हाय.

आता नाक्यावर सुकट विकते. मनू जिना चढताना दोनदा थांबते, कॅन्सरची औषधं मध्येच थांबवावी लागली ती आत्ता परत सुरू झालीत. शाळा म्हणते, धोका तुमच्या नातीला आहे, तिला घरीच ठेवा. तिला! तो रोज जातो, गाडीतनं मला हात करतो. मीपण करते. पोर हाय ते, सुखी राहो, मोठं होवो. त्याच्या आईला द्यायला मात्र माझ्याकडं आशीर्वाद न्हाय, तेवढं तसंच लिहा.