टॉवेल रजेवर होता

नाही, तुम्हीच सांगा, एकोणचाळीस सेल्सियसच्या वर ताप कुणी हौसेनं आणतं का हो? आणि तोही स्पेनच्या मायोर्का बेटावर, वर्षाच्या रजेत, दुसऱ्याच दिवशी! सहा दिवस खोलीत आडवा होतो मी, घशात काटे, हातात कॅमोमाइलच्या फुलांचा चहा... समुद्र? समुद्र नुसता ऐकला! डॉक्टरनं सहा दिवसांचा दाखला दिला, त्याच दिवशी मी तो जर्मनीत, झोलिंगनला कारखान्यात पाठवला. कायदाच आहे आमचा, दाखल्याचे दिवस रजेत धरायचे नाहीत, परत द्यायचे. उपकार नाहीत!

तर परत आल्यावर, रजांचं बघणाऱ्या ओस्टहोफ बाई चष्म्यावरून बघत म्हणतात, "टिमरमान, आजारी होतात ना? मग रोज सकाळी सहाला पोहण्याच्या तलावाकाठच्या खुर्चीवर तुमचा टॉवेल कसा काय हो?"

तुम्हाला सांगतो, बाई त्याच हॉटेलात होत्या! अर्धा कारखाना दरवर्षी तिथेच जातो. आणि टॉवेल म्हणजे नोकरीची पंचवीस वर्षं झाली की कारखाना देतो तो, वर नाव विणलेला! ठेवला कुणी? माझ्या बायकोनं, हायकेनं! मी विव्हळतोय, "हायके, जरा पाणी..." आणि ही दारातून, "थांब रे, आधी जागा धरून येते, नाहीतर ते कोलोन शहरातले पाहुणे बळकावतील! उद्या बरा झालास तर बसशील कुठे?" सहा दिवस हेच!

मी टेबलावर हात आपटला. "बाई, टॉवेल रजेवर होता, मी आजारी होतो!"

"पण खुर्ची तर अडवलीत ना?"

"खुर्ची अडवायला तब्येत कशाला लागते? टॉवेल रजेवर होता! मी आजारी होतो!"

कामगार मंडळाचा योर्ग म्हणतो, "देटलेफ, सहा दिवसांसाठी कशाला डोकं फिरवून घेतोस?" अरे, अर्धा दिवस असता तरी भांडलो असतो! वर्षभर धारेच्या यंत्रापुढे उभा असतो मी, चाकू घासत, चाकू! ते बसायचे दिवस माझे आहेत, तापाचे नाहीत! योर्गला ओढत नेलं, तीन आठवडे तेच वाक्य ऐकवलं... मिळाले! बाईंनी सही केली, तोंड लिंबू चोखल्यासारखं.

ऑक्टोबरात गेलो. तेच हॉटेल, सकाळी सहाला खाली उतरतो तर... माझ्या खुर्चीवर टॉवेल! कारखान्याचाच! वर नाव, ओस्टहोफ! बाकीच्या खुर्च्या तर कोलोनवाल्यांनी कधीच धरलेल्या. म्हटलं येऊ देत बाईंना, सुनावतोच! दहा वाजले, जेवणं झाली, संध्याकाळ झाली... टॉवेल आहे, बाई नाहीत! दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. उचलावा म्हणता? छे हो, दुसऱ्याच्या टॉवेलला हात लावायचा? आम्ही काय रानटी आहोत?

चौथ्या दिवशी त्यांचा नवरा आला, डोळे ओढलेले. "टिमरमान, ही तापानं फणफणलीय हो... आणि मी आपला रोज जागा धरतोय. कारखान्यात कुणी विचारलंच, तर तेवढी साक्ष द्याल ना?"

काय करता? माझंच वाक्य! दिलं लिहून, खाली सही केली. टॉवेल रजेवर होता, बाई आजारी होत्या.

आणि मी? मी सहाही दिवस उभाच!