बेअरिंगखालचे ठिपके

न्हाई न्हाई सर, ती हातोडी खाली ठेवा — ठोकून निघत असतं तर तुमच्या वॉचमननं सकाळीच काढलं असतं. बसा त्या स्टुलावर. होस्टेलची पोरं बादल्या घेऊन खोळंबलीत, माहीत हाय, उद्या पेपर बी हाय म्हणता — पण बेअरिंगला पेपरचं सांगून काय उपेग हाय का? न्हाई. ते तुमच्या पाण्याच्या मोटरीच्या शाफ्टवर, म्हंजे दांड्यावर, जाम बसलंय, त्याला हा पुलर लावायचा. असं बघून नका राहू त्याच्याकडं. स्वस्तातला हाय, हाव, मान्य. तीन टांगा, मधी एक बोल्ट, संपला कारभार. बेअरिंगच्या मागं टांगा आडकवायच्या, बोल्टचं टोक शाफ्टच्या मधोमध टेकवायचं अन् पान्यानं आवळत जायचं — हळू. स्वस्ताचं लोखंड, जोर आला की टांगा फाकतात, म्हणून ही तार गुंडाळतो भवताली. ही तारंची अक्कल माझी न्हाई हां — बसवंताची.

बसवंत म्हंजे माझा पार्टनर. भायेर बोर्ड वाचला न्हाई का? वाजिद-बसवंत मोटर रिपेरिंग. पेंटरनं त्याचं नाव बारीक काढलं व्हतं, तवा मीच भांडलो — पुसून पुन्हा काढायला लावलं, माझ्याएवढंच. आता येत न्हाई तो. हात थरथरतात त्याचे. मागल्या उन्हाळ्यात, तुमी बसलाव न तिथंच बसून म्हणला, वाजिदभाई, पाना धरवंना गेला, डॉक्टर म्हणतो काम सोड. लेकरावानी रडला. मी बी रडलो, खोटं कशाला सांगू.

दमा, तेल सोडू जरा. मुरू द्या. — हा पुलर आमी दोघांनी नांदेडला जुन्या मोंढ्याच्या बाजारात घेतला, भूकंपाच्या साली. किल्लारीकडं माणसं पत्र्याच्या शेडांत ठेवली व्हती, पाण्याच्या मोटरी जळून राहिल्या, मिस्त्री कोण न्हाई. आमी टेम्पोत सामान टाकून गेलो. त्याची थोरली बहीण तिकडंच दिली व्हती. सापडली न्हाई — म्हंजे सापडली, पण… जाऊ द्या. दिवसभर मोटरी जोडायच्या अन् दिवस कलला की हा माणूस बहिणीच्या पडलेल्या घराच्या दगडांपाशी जाऊन बसायचा. मी बाजूला बसायचो. अंधार पडला की उठवून शेडात आणायचो. तवापासून ईदला बानो, माझी बायको, त्याच्यासाठी शीरखुर्मा निराळ्या भांड्यात करती. लिंगायत माणूस, आमच्या मटणाच्या भांड्यातलं कसं द्यायचं? ते भांडं अजून फळीवर हाय, घरात कोण हात लावत न्हाई त्याला.

हां, आवळू आता. ऐकलं? कट् झालं. सुटून राहिलंय. — तुमच्या ट्युशनच्या गल्लीतल्या समद्या होस्टेलांचं काम मला मिळणार व्हतं, बरं का. होस्टेलवाल्यांनी बोलावून घेतलं मला, म्हणले वर्षभराचं तुमीच बघा. मी न्हाई म्हणलो. का? बसवंत नुकताच घरी बसला व्हता. त्याला वाटलं असतं, वाजिद माझ्या दुखण्याचीच वाट बघून राहिला व्हता. बानो लई बोलली. तिला म्हणलं, तुला न्हाई समजायचं ते. मंग काम कुण्या एजन्सीला गेलं म्हणतात. तुमच्याकडं बी तिचाच माणूस येतो न? फोन उचलंना म्हणून माझ्याकडं आलाव. लग्नाला गेला उदगीरला? जाऊ द्या, माणसाला लग्नंकार्यं असतात.

पण हे बेअरिंग त्यानं बसवलं कवा? गेल्याच महिन्यात? मंग इतकं जाम कसं — गंज न्हाई, काही न्हाई? सांगतो. शाफ्ट झिजला असंल. झिजला की बेअरिंग ढिलं बसतं, मंग कामचुकार मिस्त्री काय करतो, शाफ्टवर पंचानं, म्हंजे टोकदार खिळ्यावानी हत्यारानं, ठिपके मारतो. ठिपक्यांच्या कडा वर उठतात, त्यावर बेअरिंग ठोकून बसवायचं. गिऱ्हाईक खूष, शाफ्ट मेला. बसवंताला बी आधी ती खोड व्हती. तीन आडव्या रांगा मारायचा, कपाळावरच्या भस्मावानी. मी म्हणायचो, अरे बाबा, महादेवाला तरी मोटरीत कोंबू नको. मंग त्या शेडांच्या टायमाला एक मोटर तशीच जाम झाली, अख्खी वस्ती पाण्यावाचून बसली — तवा त्यानं गेलेल्या बहिणीची शपथ घेतली. पुन्हा ठिपके न्हाई. अन् न्हाईच मारले. शाफ्ट झिजला की लेथच्या मशीनवर भरून आणायला पाठवायचा, गिऱ्हाईक कितीबी वराडू दे. तसा सच्चा माणूस —

आलं! बघा, आलं का न्हाई? टांग वाकली न्हाई, तार सुटली न्हाई. तो बोळा द्या इकडं, शाफ्ट पुसू. म्हणलं न, ठिपके असणार —

सर, तो बल्ब जरा खाली घ्या. आणखी.

तीन रांगा हायती.

तुमचा तो एजन्सीचा माणूस — भस्म लावतो कपाळाला? पाना डाव्या हातानं धरतो? — न्हाई, ऱ्हाऊ द्या, सांगू नका. तोंडावरून कळलं. बघा तुमीच, किती सरळ हायती. एक ठिपका इकडं न्हाई, एक तिकडं न्हाई. थरथरत्या हाताचं काम हाय का हे? अरे, म्हणायचं व्हतं मला — वाजिदभाई, ते होस्टेलांचं काम मला एकट्याला पायजे. दिलं असतं मी! कसमसे दिलं असतं. रडायची काय गरज व्हती? माझ्याम्होरं, त्याच स्टुलावर — उठा, उठा तुमी त्याच्यावरून.

न्हाई. नवं बेअरिंग मी न्हाई बसवणार. मोटर घेऊन जा, पोरांना आज टँकर मागवा. तो लग्नाहून आला की त्याच्याम्होरं ठेवा. बोलू नका काही, फकस्त ठेवा. अन् हा पुलर बी न्या. तारंसकट न्या, तार त्याचीच हाय. पैसे? कशाचे पैसे? जा म्हणलं न, मला शटर वढायचंय. — अन् सर, जाताना तो बोर्ड वाचू नका.