मेलेला मालगुजार

माहेर माझं आर्वीकडचं. लगन होऊन सिंदी रेल्वे या गावाले आली, तवापासून आमची चाची टपरी हाय. आमचे हे चा कमी इकत अन् हासवत जास्त. गिऱ्हाइकाच्या समोर चाचा घुटका घ्याचे अन् विष पेल्यावानी मान टाकाचे, जीभ बाहेर. लोकं पोट धरून हासत.

मंग आमच्या पुतण्याले, निलेशले, मोबाईलवर सिनेमा काढाची हौस आली. खुनाचा सिनेमा, पण हासाचा. निलेश जासूस, भर उन्हात रेनकोट, हातात भिंग, शेणावर घसरते काय, खुनी समजून बकरी पकडते काय! अन् आमचे हे झाले मेलेले मालगुजार, गावचे जमीनदार. नाकात कापूस घातला का यायले शिंक ये, तिरडीवरून बदकन खाली, अन् जासूस यायच्यावर. शेवटी साऱ्यायले एका खोलीत बसवून जासूस खुनी कोण ते सांगाले जाते, तं मालगुजारच उठून बसते, म्हणते, पयले चा आणा बे. काय सांगू तुमाले, शूटिंग पाहूनच मी हासून हासून दमली.

सिनेमा पुरा झाला, अन् एका सकाळी हे टपरीवर पडले. खरंच पडले. मी पाणी आणाले गेलती. लोकं हासून राह्यले, टाळ्या वाजवून राह्यले, उठा मालगुजार म्हणून राह्यले, अन् निलेशनं खिशातलं भिंग काढून वाकून पाह्यलं, सिनेमात पाहे तसंच. मी आली तं हात थंडे. डॉक्टर म्हणे, जरा आंधी आणलं असतं तं. पुढचं मी आयकलंच नाई.

निलेश म्हणे, काकू, सिनेमा मिटवून टाकतो. मी म्हटलं, मिटवशील तं तुयं तोंड पाह्यणार नाई. त्याईचा आवाज त्यातच हाय रे, मले त्याईले उठताना पाह्यचं हाय, एवढंच मागणं हाय मायं.

मंग त्यानं शाळेच्या पटांगणात पडदा लावला. सारं गाव हासलं. हे उठून बसले, चा आणा बे म्हणाले, अन् मी खरंच चा आणाले उठली. काय करू, पायच उठले. लोकायले वाटलं मी बी नाटक करून राह्यली, ते पुन्हा हासले.

आता टपरी माया हाती हाय. निलेश रोज येते, कप धुते अन् जाते. परवा म्हटलं त्याले, बापू, तुयावर राग नाई माया. त्याईनंच हासाची सवय लावलती तुमाले. लगन कर, सुखी राह्य, दुसरा सिनेमा काढ. फक्त मेलेल्याले शेवटी उठवजो. इथं कोणी उठत नाई.