चिंचेखालची देवी

नवसाले हसू नका रे, मले नाही सहन होत.

आमचं शहर राज्याची नवी राजधानी झालं तेव्हा आमचं सरकारी ऑफिस इंग्रजांच्या जुन्या बंगल्यात बसलं. मागं चिंचेखाली शेंदूर फासलेला दगड होता. लेकरांसाठीचे नवस सारे तिथंच.

एक दिवस इंग्लंडातून एक म्हातारी आली, लॉर्डाच्या घराण्यातली. तिनं रुमालानं शेंदूर पुसला, तर खाली इंग्रजी अक्षरं निघाली.

म्हणे, "आमची सारी माणसं आमच्या हवेलीतल्या चर्चात पुरली आहेत. ही पोरगीच तेवढी इथं राहिली. एकच दिवस जगली."

मग फांदीकडे पाहून म्हणाली, "हा पाळणा कोणी बांधला?"

माझ्या बायकोनं बांधला होता. आमची पोट्टी तेव्हा दवाखान्यात, काचेच्या पेटीत.

संध्याकाळी बायकोनं विचारलं, "देवीले अगरबत्ती लावली काय?"

"हव," म्हटलं.