पुस्तक चालवून बघणारी तनुजा

शाळेची पुस्तकं मीच निवडते, असं मी इतकी वर्षं मिरवायचे. आता नाही मिरवत. का ते ऐका.

परवा पुस्तकवाला शाळेत टेम्पो घेऊन आला. मी चकचकीत कव्हरांची, चांगल्या सवयी शिकवणारी पुस्तकं पटापट बाजूला काढली. शेजारी चौथीतली तनुजा उभी होती. आजोबांबरोबर घोडेगावच्या बाजारात बैल बघत फिरणारी पोरगी ती! मला म्हणाली, "बाई, नुसती रंगवलेली शिंगं बघून घेताय व्हय? चालवून बघा की."

"अगं, पुस्तक कसं चालवायचं?"

तिनं माझ्या गठ्ठ्यातलं वरचं पुस्तक उचललं, पहिलीची पोरं समोर बसवली आणि मधलंच पान मोठ्यानं वाचायला घेतलं. तिसऱ्या ओळीला एकानं जांभई दिली, दुसरा शेजारणीची वेणी ओढायला लागला. तनुजानं पुस्तक मिटलं.

"बाई, ह्यो बैल बसला."

मग टेम्पोतल्या तळाच्या खोक्यातून तिनं चष्मा घातलेल्या रेड्याचं एक पातळ पुस्तक काढलं. ते वाचताना पोरं सरकत सरकत पार तिच्या मांडीपाशी आली. पान संपलं तशी ओरडली, "म्होरं काय झालं?"

"ह्यो चालतोय," तनुजा म्हणाली.

मग तिनं माझी बाकीची पुस्तकंही एकेक करून चालवून बघितली. माझा अख्खा गठ्ठा बसला, हो! पुस्तकवाला वैतागला. "बाई, पुढच्या वेळी ही पोरगी नको."

मी म्हटलं, "पुढच्या वेळी हीच निवडणार. मी पिशवी धरायला येईन."